ठेव एकाची, मत दुसऱ्याचं

२४ सप्टेंबर २०१९ हा मंगळवार होता. त्या दिवशी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या, शाखांपुढे रांगा लागल्या त्या एका आकड्यामुळे. रिझर्व्ह बँकेने आदल्या दिवशी बँकेवर निर्बंध घातले होते आणि प्रत्येक खातेदाराला एक हजार रुपये काढायची मुभा दिली होती. रोज नव्हे, महिन्यालाही नव्हे. सहा महिन्यांत मिळून एक हजार. बँकेच्या ठेवी सुमारे ११,६०० कोटींच्या, खातेदार नऊ लाखांवर, शाखा १३७. महिनाअखेर आलेली, नवरात्र पाच दिवसांवर. घरभाडं, शाळेची फी, औषधं, कर्जाचे हप्ते ज्या खात्यातून जायचे तेच खातं गोठलेलं.

अडकलेल्यांमध्ये पगारदार होते, निवृत्त होते, छोटे दुकानदार होते. मुंबईतल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांचा देखभाल निधी याच बँकेत होता, त्यामुळे इमारतीची लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे आणायचे कुठून, हा सेक्रेटरीपुढे प्रश्न. कहर म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेच्या ठेवीही पीएमसीत अडकल्या. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत बसणाऱ्यांनाच सुगावा लागला नाही, तिथे नाक्यावरच्या दुकानदाराने काय ओळखावं?

गदारोळ झाला तशी मर्यादा वाढत गेली. दोन-तीन दिवसांत दहा हजार, ३ ऑक्टोबरला २५ हजार, १४ ऑक्टोबरला ४० हजार, ५ नोव्हेंबरला ५० हजार. यापेक्षा जास्त हवे असतील तर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या प्रशासकाकडे अर्ज करायचा, कारण सांगायचं आणि पुरावा जोडायचा. स्वतःच्या पैशासाठी स्वतःची अडचण सिद्ध करायची, असा हा प्रकार. मर्यादा वाढली की रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात एक टक्केवारीही असे. ५० हजारांच्या वेळी सांगण्यात आलं, की आता ७८ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना आपली सगळी शिल्लक काढता येईल. पुढच्या वर्षी जूनमध्ये मर्यादा एक लाख झाली आणि हा आकडा ८४ च्या वर गेला. मधल्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, मुंबईच्या सीकेपी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ९९.२ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण पैसे मिळतील असं जाहीर झालं.

आकडे खरेच होते, फक्त ते माणसांचे होते, पैशांचे नव्हते. देशभरच्या खात्यांपैकी ९७-९८ टक्के खाती पाच लाखांच्या ठेव विम्यात पूर्ण बसतात. रकमेचा हिशेब केला तर मात्र निम्म्याहूनही कमी ठेवींना हा विमा पुरतो.

मग उरलेले दोन-तीन टक्के कोण? ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी बडे धनिक असतील. पण धनिकांचा पैसा सहसा मुदत ठेवीत पडून राहत नाही. तो जमिनीत, शेअरमध्ये, धंद्यात फिरत असतो. नागरी सहकारी बँकेत पाच लाखांवर ठेव असलेला माणूस बहुधा साठी ओलांडलेला असतो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, फार तर गावाकडची विकलेली जागा, असं सगळं मिळून आयुष्यात एकदाच मोठी रक्कम त्याच्या हाती आलेली असते, आणि तीही कमाई थांबल्यावर. खासगी नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांसाठी कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ साली ठरलेली किमान रक्कम महिना एक हजार रुपये, आणि ती वाढावी म्हणून निवृत्तांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालू आहेत. हजार रुपयांत महिन्याचं दूधसुद्धा भागत नाही. म्हणून वीस लाख बँकेत ठेवायचे, आठ टक्क्यांनी वर्षाला एक लाख साठ हजार व्याज घ्यायचं आणि महिन्याला त्या तेरा हजारांवर घर चालवायचं, ही त्याची पेन्शन. अशा घरात ठेव गोठली की दुसऱ्या महिन्यापासून मुलांपुढे हात पसरायची वेळ येते.

‘जास्त व्याजाचा मोह नडला,’ असं म्हणणारे तेव्हाही होते. या मोहाचा हिशेब मांडून पाहावा. पीपीएफवर १९९० च्या दशकात १२ टक्के मिळत. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ टक्के झाला. स्टेट बँकेचा लांब मुदतीच्या ठेवींवरचा दर २०२० च्या मध्याला ५.४ टक्क्यांवर उतरला होता. सहकारी बँक अर्धा-एक टक्का जास्त देते, ज्येष्ठांना त्यावर आणखी थोडं. वीस लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला वीस हजार. नवरा-बायकोच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या त्यात सुटतात.

शिवाय माणसं तिथे केवळ व्याजासाठी गेली नव्हती. नागरी सहकारी बँक ही शहरी मराठी मध्यमवर्गाने स्वतःच उभी केलेली गोष्ट. बडोद्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. १९०६ साली पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, १९१२ मध्ये पुण्यात रुपी, १९१५ मध्ये सीकेपी, १९१८ मध्ये सारस्वत. कारकून, शिक्षक, किरकोळ व्यापारी यांना त्या काळी बड्या बँका दारात उभं करत नसत आणि सावकाराचं व्याज परवडत नसे. तेव्हा ज्ञातीतल्या, पेठेतल्या, ओळखीच्या लोकांनी एकत्र येऊन आपापली सोय केली. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश आजही महाराष्ट्रात आहेत. काउंटरवर मराठीत बोलता येतं, मॅनेजर नावानिशी ओळखतो, आजोबांचा चष्मा घरी राहिला तर फॉर्मही भरून देतो.

सुरुवातीच्या त्या बँकांत ठेवीदार आणि कर्जदार एकाच आळीतले, बऱ्याचदा एकच माणूस. यंदा त्याने पैसे ठेवायचे, पुढल्या वर्षी मुलीच्या लग्नाला उचलायचे. बँका मोठ्या होत गेल्या तशा या दोन जाती वेगळ्या झाल्या, आणि सगळी मेख इथेच आहे. सहकारात एक सभासद, एक मत. सभासद म्हणजे भागधारक. कर्ज हवं तर सभासद व्हावंच लागतं; तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जाच्या पाच टक्के रक्कम भागांपोटी कापून घेण्याची रीत वर्षानुवर्षं चालत आली. ठेव ठेवायला मात्र सभासद होण्याची गरज नाही, आणि ठेवीदाराला ‘भाग घ्या, सभासद व्हा’ असं काउंटरवरून सहसा कुणी सुचवत नाही. परिणामी बँकेतला बहुतेक पैसा ज्यांचा, त्यांना संचालक निवडता येत नाहीत. तो पैसा जे उचलतात, त्यांना येतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून ‘हे कर्ज कुणाला दिलंत?’ असं विचारायचं तर नुसता ठेवीदार तिथे परकाच. निवडणूक पॅनल करून लढवली जाते आणि पॅनलमागे बहुतेक ठिकाणी गावातला, वॉर्डातला पुढारी असतो. बँक हातात असली की कर्ज कुणाला द्यायचं, नोकरीला कुणाला लावायचं हे हातात येतं, आणि ते आलं की कार्यकर्त्यांची ददात राहत नाही.

पीएमसीत काय झालं, ते आता जगजाहीर आहे. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे नागरी बँकेला एका उद्योगसमूहाला स्वतःच्या भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं. पीएमसीने एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज होतं साडेसहा हजार कोटींच्या आसपास, म्हणजे बँकेच्या सगळ्या कर्जांच्या ७० टक्क्यांहून अधिक. बँकेचे अध्यक्ष वरयाम सिंग हे आधी त्याच एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. थकलेली कर्जं झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली, असं तपासात पुढे आलं.

याच बँकेचा मार्च २०१९ अखेरचा ताळेबंद काढून पाहिला तर चक्रावून जायला होतं. ढोबळ थकीत कर्जं ३.७६ टक्के, म्हणजे तेव्हाच्या कित्येक सरकारी बँकांपेक्षा कमी. भांडवल पर्याप्तता १२ टक्क्यांच्या वर. नफा ९९ कोटी. पुढच्या वर्षी प्रशासकाने खरे हिशेब मांडले तेव्हा तोटा निघाला ६,८३५ कोटींचा. ‘ठेवीदारांनी जागरूक राहावं’ हा सल्ला बँक बुडाल्यावर हमखास दिला जातो. एखाद्या निवृत्त लेखापालाने चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन हा अहवाल ओळन् ओळ वाचला असता, तरी त्याने आणखी एक ठेव तिथे ठेवली असती. लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या, रिझर्व्ह बँकेच्या तपासण्या होऊन गेल्या होत्या.

मग जबाबदारी कुणाची? १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण अर्धामुर्धाच. ठेवी, कर्जं, रोखतेचं प्रमाण रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ, अवसायन सहकार निबंधकाकडे. आणि बँक बहुराज्य असेल तर निबंधक दिल्लीचा. दोघांकडे थोडा थोडा अधिकार, म्हणून कुणाकडेही पुरती जबाबदारी नाही. सरकारी कचेरीत कागद घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ‘हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या खिडकीत जा’ हे वाक्य पाठ असतं. पीएमसीच्या ठेवीदारांनी ते थेट अर्थमंत्र्यांकडून ऐकलं. १० ऑक्टोबर २०१९ ला निर्मला सीतारामन मुंबईत भाजपच्या कार्यालयात पत्रकार परिषदेसाठी आल्या होत्या. विधानसभेचं मतदान अकरा दिवसांवर होतं. ठेवीदार दारात घोषणा देत उभे. सीतारामन यांनी काही जणांची भेट घेतली, म्हणणं ऐकलं आणि सांगितलं, की या बँकेचं नियमन रिझर्व्ह बँक करते, अर्थखात्याचा तिच्याशी थेट संबंध नाही; गरज पडली तर कायदा बदलू. उत्तर कायद्याला धरून होतं, आणि ठेवीदारांचा संताप नेमका त्यामुळेच वाढला.

पाच महिन्यांनी, ५ मार्च २०२० ला, येस बँकेवर निर्बंध आले. मर्यादा तीच, ५० हजार. मात्र या वेळी स्टेट बँक आणि काही खासगी बँकांनी मिळून सुमारे दहा हजार कोटी घातले, १३ मार्चला पुनर्रचनेची योजना जाहीर झाली आणि १८ मार्चच्या संध्याकाळी निर्बंध उठलेसुद्धा. तेरा दिवस. पीएमसीचे निर्बंध दोन वर्षं चार महिने चालले. पीएमसीच्या ठेवीदाराला यात उघड दुजाभाव दिसला, आणि त्याला चूक कसं म्हणावं? कायदेशीर कारण मात्र होतं. व्यापारी बँकेच्या पुनर्रचनेची योजना आखण्याचा अधिकार बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ ने दिलेला आहे, आणि हे कलम तोवर सहकारी बँकांना लागूच नव्हतं. जून २०२० मध्ये वटहुकूम आणि सप्टेंबरमध्ये कायदा झाल्यावर ते लागू झालं. नागरी बँकांत संचालक मंडळाशिवाय वेगळं, जाणकारांचं व्यवस्थापन मंडळ नेमावं अशी शिफारस मालेगाम समितीने २०११ मध्ये केली होती. तिचे निर्देश रिझर्व्ह बँकेने काढले ३१ डिसेंबर २०१९ ला, पीएमसी बुडाल्यावर तीन महिन्यांनी.

बँक बुडाल्यावरच कायदा जागा होण्याची ही रीत जुनी आहे. ठेव विमा आपल्याकडे आला तोही असाच. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक, अशा दोन बँका बसल्या. त्यानंतर संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला. मर्यादा हळूहळू वाढत १ मे १९९३ ला एक लाखावर आली आणि पुढे जवळजवळ सत्तावीस वर्षं तिथेच अडकली. १९९३ साली लाख रुपयांत साधारण २४० ग्रॅम सोनं येत होतं, २०२० च्या आरंभी पंचवीस ग्रॅमच्या आसपास. एवढ्या काळात महागाई भत्त्याचे दर किती वेळा बदलले, आमदार-खासदारांची वेतनं किती वेळा वाढली. ठेव विम्याची आठवण कुणाला झाली नाही. पीएमसीच्या रांगा वाहिन्यांवर दिसल्यावर ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली.

पण विम्यात आणखी एक फट होती. पैसे मिळायचे ते बँक अवसायनात निघाल्यावर किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर. निर्बंध म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. बँक जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं. मधल्या काळात विलीनीकरणाचे प्रस्ताव आले-गेले, प्रशासक बदलले, निर्बंधांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली. ठेव ठेवताना बासष्ट वर्षांचा असलेला माणूस तोवर सत्तरीपार गेला. अखेर १ सप्टेंबर २०२१ पासून दुरुस्ती अमलात आली, की निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची: पहिल्या ४५ दिवसांत बँकेने याद्या पाठवायच्या, पुढच्या ४५ दिवसांत ठेव विमा महामंडळाने पैसे चुकते करायचे. त्या डिसेंबरात दिल्लीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. सोळा नागरी बँकांच्या एक लाखाहून अधिक ठेवीदारांना मिळून तेराशे कोटी रुपये दिल्याचं सांगण्यात आलं. पैसे त्यांचेच होते आणि विम्याचा हप्ता सरकारने भरलेला नव्हता. तो बँका भरतात. समारंभ मात्र झाला.

पीएमसी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतवाल्यांची सुटका झाली. त्यावर रक्कम असलेल्यांना टप्प्याटप्प्याने, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. पहिली पाच वर्षं उरलेल्या रकमेवर व्याज नाही, नंतर २.७५ टक्के. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाचं काय करायचं, हे योजनेत लिहिलेलं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच चित्र पुन्हा. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीत १२२ कोटी रुपये कमी भरले आणि १३ तारखेला निर्बंध आले. या वेळी गोष्टी तुलनेने लवकर हलल्या: दोन आठवड्यांत २५ हजार काढायची मुभा मिळाली आणि ४ ऑगस्टला बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. कायदा सुधारला की फरक पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. एप्रिल २०२६ पासून विम्याचा हप्ताही बँकेच्या जोखमीनुसार कमी-जास्त करायचं रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं. तोवर सुस्थितीतली आणि डबघाईची बँक शंभर रुपयांमागे सारखेच बारा पैसे भरत होती.

दरम्यान ठेवीदारांनी आपल्यापुरती वाट शोधली आहे. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरतात, हे आता कट्ट्यावरच्या आजोबांनाही तोंडपाठ आहे. संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला तर ती वेगळी धरली जाते, हेही त्यांना ठाऊक झालंय. मग एक पावती त्यांच्या नावाची, एक आजींच्या नावाची, एक ‘हे आणि ही’, एक ‘ही आणि हे’. प्रत्येक पावती साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे व्याज धरूनही पाचच्या आत. उरलेले दुसऱ्या बँकेत, पुन्हा त्याच क्रमाने. फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्यांची जाडजूड फाइल कपाटात, आणि कुठली पावती कधी पिकते याची यादी कॅलेंडरच्या मागे चिकटवलेली.

संचालक निवडण्यात या फाइलवाल्यांना आवाज असावा, ही चर्चा मात्र पुढे सरकलेली नाही. ठेवीदार विखुरलेले असतात. एका शहरात, एका जातीत, एका पक्षात ते सापडत नाहीत, आणि बँक बुडेपर्यंत आपण ‘ठेवीदार’ आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसतं. बुडाल्यावर जी संघटना होते ती पैसे मिळाले की विरते. अशा गठ्ठ्याची मतपेढी होत नाही, हे पक्षांना पक्कं ठाऊक आहे. उसाच्या भावासाठी विधिमंडळ बंद पाडता येतं, ठेवींसाठी आजवर कुणी पाडलेलं नाही.

न्यू इंडिया बँक विलीन होण्याच्या तीन दिवस आधी, १ ऑगस्ट २०२५ ला, बँकिंग कायद्यातल्या नव्या दुरुस्तीची काही कलमं लागू झाली. सहकारी बँकेच्या संचालकाला पूर्वी सलग आठ वर्षं राहता येई, आता दहा वर्षं राहता येतं. याच दुरुस्तीने ठेवीदारालाही एक सोय दिली आहे: १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याला आपल्या खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात.